महापालिका म्हणजे पेढी नव्हे!

पुण्यातील सुशिक्षितांच्या बैठकीत हल्ली एक वाक्य वारंवार कानी पडते. महापालिकेच्या कारभाराचा विषय निघाला, खड्ड्यांचे, तुंबलेल्या गटारांचे आणि वेळेवर न येणाऱ्या बसचे गाऱ्हाणे गाऊन झाले, की कोणी तरी निर्वाणीच्या सुरात म्हणतो, "हे शहर एखाद्या कंपनीसारखे चालवावयास हवे! एक कर्तबगार व्यवस्थापक नेमा, नगरसेवकांना घरी बसवा, आणि पाच वर्षांत शहर कसे पालटते ते पाहा!" बैठकीतील माना डोलतात, विषय संपतो, आणि मंडळी आपापल्या मोटारींत बसून त्याच खड्ड्यांतून घरी जातात.

हे वाक्य उच्चारणाऱ्यांची थट्टा करण्याची आमची इच्छा नाही. ते चिडून बोलतात आणि त्यांच्या चिडण्यास सबळ कारण आहे. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महापालिका जन्मास आली तेव्हा शहराची वस्ती सुमारे पाच लाखांची होती. २०११ च्या जनगणनेत ती ३१ लाखांवर गेली. त्यानंतर २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे शहरात आली आणि महापालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पलीकडे गेले. २०२५-२६ चे तिचे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते. एवढी उलाढाल करणाऱ्या संस्थेकडून नीटनेटक्या कारभाराची अपेक्षा करणे हा काही अपराध नव्हे. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे या शहराला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि १६५ लोकप्रतिनिधी पुन्हा सभागृहात आले. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच या वाक्याचा एकदा सोक्षमोक्ष लावून टाकणे इष्ट होईल. शहर धंद्यासारखे चालवावे काय? चालवावे, तर धंद्यातले नेमके काय घ्यावे आणि काय पेढीच्या उंबरठ्याबाहेर ठेवावे?

कल्पना शंभर वर्षांची

ही कल्पना नवी आहे असे जे समजतात त्यांनी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेटन या शहराचा इतिहास पाहावा. दुकानातील गल्ल्याची हिशेबयंत्रे बनविणाऱ्या मोठ्या कारखान्याचे मालक जॉन पॅटरसन हे १८९६ पासूनच सांगत होते, की नगराचा कारभार राजकीय पक्षांच्या हातून काढून धंद्याच्या शिस्तीवर बसवावा. लोकांनी ऐकले नाही. मार्च १९१३ मध्ये महापूर आला, डेटन पाण्याखाली गेले, आणि त्या संकटात पॅटरसन यांनी आपला कारखाना मदतीचे केंद्र बनविला, होड्या बांधून लोकांना वाचविले. त्या पुराने जे केले ते व्याख्यानांनी झाले नव्हते. डेटनने नवी सनद स्वीकारली आणि १९१४ च्या आरंभी हेन्री वेट नावाचे एक अभियंते पगारी 'नगर-व्यवस्थापक' म्हणून कामावर रुजू झाले. ही पद्धत पुढे अमेरिकेतील शेकडो शहरांनी उचलली.

पण या कथेचा उत्तरार्ध आमचे 'कंपनी'वादी मित्र सांगत नाहीत. डेटनच्या सनदेत तो व्यवस्थापक नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या पाच सदस्यांच्या मंडळाकडे होता. कारभार कसबी माणसाच्या हाती द्यावा, पण त्याने जाब लोकांना द्यावा, असा तो करार होता. मालक बदलला नव्हता, मुनीम तेवढा बदलला होता.

आपल्याकडेही मुनीम आहेच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याने अंमलबजावणीचा सारा अधिकार आयुक्तांकडे दिलेला आहे. तो अधिकारी शासन नेमते, शासन बदलते. म्हणजे ज्या 'कर्तबगार व्यवस्थापका'ची मागणी बैठकीत होते, तो या शहराला पाऊणशे वर्षांपासून लाभलेला आहे! तेव्हा दोष केवळ नगरसेवकांच्या असण्यात आहे, ही समजूत मुळातच तपासून घ्यावयास हवी.

व्यापाऱ्याकडून जरूर शिकावे

धंद्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. किंबहुना आमची तक्रार अशी आहे, की जे शिकावयाचे ते महापालिका शिकत नाही.

रविवार पेठेतील कोणाही जुन्या व्यापाऱ्याला विचारा. तो पहिली गोष्ट सांगेल ती अशी, की भांडवल आणि उत्पन्न यांची कधी सरमिसळ करू नये. जमीन विकून आलेल्या पैशातून जो रोजचा घरखर्च भागवितो, त्याच्या पेढीवर लवकरच टाळे लागते. आता महापालिकेची वही उघडून पाहू. जकात २०१३ मध्ये गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही टिकला नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि महापालिका त्या भरपाईच्या अनुदानावर अवलंबून राहिली. उरले मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क. या शेवटच्या उत्पन्नाकडे नीट पाहिले पाहिजे. एखाद्या भूखंडावर वाढीव मजले बांधू दिले म्हणजे महापालिकेला एकदाच रक्कम मिळते. त्या मजल्यांवर राहावयास येणाऱ्या कुटुंबांना मात्र पाणी, गटार, रस्ता, शाळा आणि दवाखाना कायमचा पुरवावा लागतो. एकदाची आवक घेऊन कायमची देणी पत्करण्याचा हा व्यवहार आहे. कोणता शहाणा व्यापारी असा सौदा करील? आणि केलाच, तर आलेली रक्कम पगारावर आणि समारंभांवर खर्च करील काय?

व्यापाऱ्याचा दुसरा धडा मोजमापाचा. जो आपला माल मोजत नाही त्याला तोटा कोठून होतो हे कधीच कळत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. त्यातून शहराने उचललेल्या पाण्यापैकी सुमारे ४० टक्के गळतीत जाते, असे महापालिकेचे अधिकारीच सांगत आले आहेत. दुधाच्या कोणत्याही धंद्यात दहा कॅनपैकी चार वाटेत सांडले, तर मालक रात्रभर झोपणार नाही. येथे ती गळती अहवालांतून वर्षानुवर्षे मुक्कामाला राहिली आहे.

हे मोजमाप व्हावे म्हणूनच चोवीस तास समान पाणीपुरवठ्याची योजना आखण्यात आली. ८२ टाक्या, नव्या जलवाहिन्या आणि तीन लाखांच्या आसपास मीटर अशी तिची व्याप्ती. तिच्यासाठी जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले आणि मुंबईच्या शेअरबाजारात त्यांची नोंद झाली. त्या दिवशी पुण्याचा गौरव झाला, आणि तो योग्यच होता. एका नगराने आपल्या पतीवर बाजारात कर्ज उभारावे, ही शिस्तीचीच खूण होती. पण व्यापारी कर्ज काढतो तेव्हा मुदतीत कारखाना उभा करतो, कारण व्याजाचे चक्र थांबत नाही. येथे व्याज मुदतीत चालू राहिले आणि योजना मात्र ठरल्या वेळेत पुरी झाली नाही. खोदलेले रस्ते, ठेकेदारांची कामे, मीटर बसविण्यास होणारा विरोध, यांत ती वर्षांमागून वर्षे रेंगाळली. धंद्याची भाषा घेतली आणि धंद्याची शिस्त बाजारातच राहिली!

तिसरा धडा घसाऱ्याचा. जो कारखानदार यंत्र विकत घेतो तो त्याच्या झिजेसाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढतो. आपल्याकडे पूल, उद्यान किंवा दिव्यांची नवी रांग यांचे उद्घाटन थाटात होते आणि देखभालीची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकावर सोडली जाते. चौथा धडा गिऱ्हाइकांची संख्या ठाऊक असण्याचा. २०११ नंतर देशात नवी जनगणना पूर्ण झालेली नाही. किती माणसांसाठी पाणी, शाळा आणि बस यांची आखणी करावयाची, याचे उत्तर अंदाजानेच द्यावे लागते. आपले गिऱ्हाईक किती हे ज्या पेढीला माहीत नाही, तिने नफ्यातोट्याची गोष्ट कशाला करावी?

तेव्हा हिशेब, मोजमाप, मुदत आणि देखभाल या चार बाबतींत महापालिकेने व्यापाऱ्याचे शिष्यत्व पत्करावे, हे आम्हांस मनापासून मान्य आहे. आमचा मतभेद यापुढे सुरू होतो.

तीन हक्क जे शहराला नाहीत

धंदा ज्या तीन हक्कांवर उभा असतो ते नगराला मुळीच नसतात. गिऱ्हाईक निवडण्याचा, न परवडणारी शाखा बंद करण्याचा, आणि आपला व्यवहार गुप्त राखण्याचा.

पहिला हक्क घेऊ. व्यापारी ज्याच्यापाशी पैसा आहे त्यालाच माल देतो. त्यात अनीती नाही. पण नळाचे पाणी हा असा माल आहे काय? शहराने धंद्याच्या नियमाने पाणी पुरविले तर काय होईल हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात वाघोलीकडे, उंड्रीकडे किंवा बाणेर-बालेवडीच्या एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकापाशी उभे राहावे. टँकरमागून टँकर आत जातात. तेथे बाजार आहे, मागणी आहे, पुरवठा आहे, आणि दुष्काळात वाढणारा भावही आहे. धंद्याची सारी लक्षणे तेथे मौजूद आहेत. त्या संकुलातील गृहस्थाला विचारा, की या कार्यक्षमतेवर आपण कितपत संतुष्ट आहात! आणि त्याच रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला टँकरही परवडत नाही. तो गिऱ्हाईकच नव्हे. पण तो नागरिक मात्र आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात 'गुलियन बॅरे सिंड्रोम' या मज्जातंतूंच्या रोगाने घरोघर धास्ती पसरविली. हातापायांतील बळ एकाएकी नाहीसे करणाऱ्या त्या आजाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण पुढे आले, काही दगावले. संशयाचा रोख नांदेड, किरकटवाडी आणि आसपासच्या वस्त्यांना होणाऱ्या पाणीपुरवठ्याकडे वळला. ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली होती. तेथे विहिरीचे पाणी पूर्ण शुद्धीकरण न होता, केवळ जंतुनाशक मिसळून पुरविले जात होते. खडकवासल्याचे धरण तेथून हाकेच्या अंतरावर! बांधकामाचे परवाने आणि सदनिकांची विक्री चालू राहिली, शुद्धीकरण केंद्र मात्र मागे राहिले. उत्पन्न आधी आणि पाणी मागाहून, या क्रमाने चाललेल्या शहरात आणखी काय व्हावयाचे?

अमेरिकेतील फ्लिंट शहराची गोष्ट याहून कठोर आहे. मिशिगन राज्यातील हे शहर दिवाळखोरीच्या काठावर आले तेव्हा राज्य सरकारने निवडून आलेल्यांचे अधिकार काढून तेथे एक आणीबाणी-व्यवस्थापक बसविला. खर्च कमी करणे हे त्याचे काम. एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटहून येणारे महाग पाणी थांबवून फ्लिंट नदीचे स्वस्त पाणी शहराला देण्यात आले. ते पाणी नळांना गंजविणारे होते आणि गंजरोधक प्रक्रिया केली गेली नाही. जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले आणि ते लेकरांच्या रक्तात गेले. आयाबाया बाटल्यांतून तांबूस पाणी घेऊन सभांमध्ये आल्या, पण त्यांची तक्रार ज्याने ऐकावी असा अधिकार असलेला त्यांचा कोणी प्रतिनिधी उरलेला नव्हता. ऑक्टोबर २०१५ मध्ये जुना पुरवठा पुन्हा सुरू झाला. वाचविलेल्या डॉलरांच्या कितीतरी पट खर्च नंतर भरपाईवर आणि नवे नळ घालण्यावर झाला. ताळेबंदात बचत दिसत होती, आणि नळातून विष येत होते. शहर निव्वळ पेढीसारखे चालविण्याचा हा सर्वांत शुद्ध प्रयोग होता, असे आम्ही समजतो.

दुसरा हक्क, तोट्यातील शाखा बंद करण्याचा. डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात भाड्याच्या सायकलींचा मोठा गाजावाजा झाला. औंधच्या पदपथांवर आणि विद्यापीठाच्या आवारात रंगीबेरंगी सायकली उभ्या राहिल्या, खासगी कंपन्या चढाओढीने उतरल्या. परवडेना तेव्हा त्या तितक्याच चपळाईने निघून गेल्या. त्यांना दोष देता येत नाही, कारण धंद्याचा धर्मच तो. पण सकाळी सहाला हडपसरहून कोथरूडला धुण्याभांड्यांच्या कामास जाणाऱ्या बाईची बस अशी एके सकाळी 'परवडत नाही' म्हणून नाहीशी झाली, तर?

पुण्याच्या बसचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. येथील बस प्रथम खासगी होती. 'सिल्व्हर ज्युबिली मोटर्स' ही कंपनी ती चालवीत असे. १९५० मध्ये महापालिकेने तो कारभार आपल्याकडे घेतला आणि 'पीएमटी' जन्मली. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करून कंपनी कायद्याखाली 'पीएमपीएमएल' हे महामंडळ स्थापन झाले. म्हणजे कंपनीपासून महापालिकेकडे आणि महापालिकेपासून पुन्हा कंपनीकडे असा फेरा पुरा झाला. तोटा संपला काय? नाही. तो आजही ६० टक्के पुणे आणि ४० टक्के पिंपरी-चिंचवड महापालिका भरून देतात. १ जून २०२५ पासून किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये, रोजचा पास ४० वरून ७० आणि मासिक पास ९०० वरून १,५०० रुपये झाला. ज्याला दुचाकीचा हप्ता आणि बसचा पास यांत निवड करावयाची आहे, त्याला ही वाढ कोणत्या दिशेने ढकलते, हे सांगावयास अर्थशास्त्री नको. बसचा तोटा बसच्या वहीत दिसतो. तिने वाचविलेली रस्त्यावरची जागा, वाचविलेला वेळ, न झालेले अपघात आणि न जळलेले पेट्रोल यांचा जमाखर्च मात्र कोणत्याही कंपनीच्या वहीत मांडला जात नाही. तो मांडण्याचे काम नगराचे आहे. म्हणून बसच्या तुटीला आम्ही तोटा म्हणत नाही. रस्त्यावरचे दिवे लावण्याच्या खर्चाला कोणी तोटा म्हणतो काय?

तिसरा हक्क गुप्ततेचा. २५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने 'स्मार्ट सिटी' अभियान सुरू केले. जानेवारी २०१६ मध्ये वीस शहरांची जी पहिली यादी लागली, तीत पुणे दुसऱ्या क्रमांकावर होते. प्रत्येक शहरासाठी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी काढण्याची अट होती, आणि तशी कंपनी येथेही निघाली. औंध-बाणेर-बालेवडी हा भाग प्रयोगासाठी निवडला गेला. रुंद पदपथ झाले, उद्याने झाली, त्यांतील काही कामे खरोखर देखणी आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या कंपनीच्या संचालक मंडळावर महापौर आणि काही पदाधिकारीही होते. पण सभागृहात जो प्रश्न कोणताही नगरसेवक उभा राहून सर्वांदेखत विचारू शकतो, तो प्रश्न संचालक मंडळाच्या बंद दाराबाहेर राहिला. जे भाग प्रयोगात नव्हते त्यांनी कोणाला विचारावयाचे? ३१ मार्च २०२५ रोजी अभियान संपले. उभारलेल्या वस्तूंच्या देखभालीचा भार अखेर आला तो महापालिकेवर, म्हणजे पुणेकराच्या करावर. कंपनीची मुदत संपते. शहराची संपत नाही.

हीच गुप्तता प्रशासकाच्या काळात आणखी दाट झाली. २०२२ ते २०२६ या काळात अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. त्या काळात कारभार झपाट्याने सुधारला, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय? खड्डे बुजले काय? नदी निर्मळ झाली काय? नगरसेवकाविना शहर चालविण्याची जी हौस बैठकीतून व्यक्त होते, ती चार वर्षे पुरविली गेली, आणि तिचे फळ सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

ज्यांचा कचरा उचलला नाही, ते निघून गेले

फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांची कथा येथे सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे पुण्याचा कचरा या गावांच्या शिवारात पडत होता. विहिरींचे पाणी नासले, दुर्गंधीने जगणे नकोसे झाले, गावकऱ्यांनी गाड्या अडविल्या. पुढे ही गावे महापालिकेत आली. कराची बिले आली, सुविधांची वाट पाहणे मात्र चालूच राहिले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने त्यांना शहरातून वेगळे करण्याचे ठरविले आणि त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. वाढत्या शहराने गावे गिळावीत आणि गावांनी पुन्हा बाहेर पडण्यात समाधान मानावे, यापरते अपयश कोणते? खर्च दुसऱ्याच्या दारात टाकून आपली वही स्वच्छ राखण्याची युक्ती कारखानदाराला काही काळ साधते. नगराला साधत नाही, कारण ते दार आज ना उद्या नगराच्याच हद्दीत येते.

याच कचऱ्याच्या कामात पुण्याने एक निराळा मार्गही दाखविला आहे. १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत येथे उभी राहिली. तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था निघाली. हजारो स्त्रिया घरोघर जाऊन वर्गीकृत कचरा घेतात, घरटी ठरावीक शुल्क घेतात, आणि विकण्याजोगा माल विकून आपला चरितार्थ चालवितात. येथे हिशेब आहे, शुल्क आहे, कष्टाला मोल आहे. पण मालक कोणी दूरचा भागधारक नाही. झोपडपट्टीच्या बोळात कचरा कमी दराचा म्हणून तेथे जावयाचे नाही, असा या संस्थेचा नियम नाही. शिस्त धंद्याची आणि हेतू सेवेचा, यांचा मेळ पुण्यातच घातला गेला आहे. तो पाहावयास परदेश दौऱ्याची गरज नाही.

आपला स्वतःचा जमाखर्च

आणि आता वाचकांशी दोन शब्द. महापालिका धंद्यासारखी चालावी असे म्हणणारा सुशिक्षित पुणेकर स्वतः कसा वागतो? स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात १९७० पासून ४० टक्के सवलत होती. शासनाने ती काढून घेतली तेव्हा आपण केवढा गहजब केला आणि २०२३ मध्ये ती परत मिळाली तेव्हा केवढा निःश्वास सोडला! सवलत बरोबर की चूक हा वाद आम्ही येथे काढीत नाही. पण पाण्याला मीटर नको, कर वाढावयास नको, मोटार रस्त्यावर फुकट उभी करता आली पाहिजे, आणि शहर मात्र धंद्यासारखे चालले पाहिजे, हे कसे? धंद्यात फुकट काही मिळत नसते. गिऱ्हाइकाचे हक्क हवे असतील तर गिऱ्हाइकासारखा दाम मोजावा लागेल. आणि नागरिकाचे हक्क हवे असतील तर नागरिकासारखा कर द्यावा लागेल, मत द्यावे लागेल, सभेस जावे लागेल. दोन्हीकडचे हक्क आणि एकीकडचेही कर्तव्य नाही, हा व्यवहार कोणत्याच वहीत बसत नाही.

मग नव्या सभागृहाने करावे काय? आमच्या मते पाच गोष्टी. बांधकाम शुल्काची प्रत्येक पै केवळ भांडवली कामांसाठी, आणि तीही ज्या भागातून ती आली तेथील पाणी, मलनिःसारण आणि रस्त्यांसाठी राखून ठेवावी. शुद्ध पाणी पोचल्याची खात्री झाल्यावाचून कोणत्याही नव्या इमारतीस भोगवटापत्र देऊ नये. बससेवेसाठी वर्षाच्या आरंभीच निश्चित अनुदान ठरवावे आणि तिचे यश प्रवाशांच्या संख्येवर मोजावे. प्रत्येक मोठ्या ठेक्याची रक्कम, मुदत आणि प्रगती दर तीन महिन्यांनी मराठीत, सामान्य माणसास कळेल अशा रीतीने प्रसिद्ध करावी. आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ज्या प्रभाग समित्या सांगितल्या आहेत, त्या कागदावरून उतरवून वस्तीवस्तीत भरवाव्यात. २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याचा जो उपक्रम पुण्याने सुरू केला, त्यास आजवर किरकोळ कामांच्या पलीकडे फारसे जाऊ दिले गेले नाही. त्यास खरे बळ द्यावे. यांतील कोणत्याही गोष्टीला नवी कंपनी काढावी लागत नाही.

या शहराला व्यापाऱ्यांची जाण असलेले नागरी पुढारी पूर्वी लाभलेले आहेत. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते स्वतः यशस्वी कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या बांधकामास त्यांनी माल पुरविला होता. दर, वजन आणि हिशेब त्यांना कोणी शिकवावयास नको होता. त्याच फुल्यांनी व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी लोकांचा पैसा उधळण्यास विरोध केला आणि तो शिक्षणाकडे वळवावा असे सांगितले. आणि त्याच फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. पैसा कोठे राखावा आणि पाणी कोठे मोकळे सोडावे, हे त्यांना कळत होते.

नव्या १६५ नगरसेवकांनी आणि त्यांना निवडून देणाऱ्या आपण सर्वांनी तेवढे जरी ओळखले, तरी पुरे आहे. हिशेब पेढीसारखा काटेकोर असावा, यात शंका नाही. पण तो हिशेब तपासण्याचा अधिकार नांदेडच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या घरांना आणि हडपसरच्या पहाटेच्या बसची वाट पाहणाऱ्या बाईला असला पाहिजे. तो अधिकार ज्या सभागृहात बजावला जातो, त्या सभागृहाला टाळे ठोकून शहर सुधारण्याची भाषा यापुढे कोणी करू नये!